‘भाड्याने देणे आहे’ : तीन शब्दांमागचा इतिहास

जळगाव किंवा धुळे शहरात घर शोधावयास निघालेल्या माणसाच्या नजरेस जे शब्द सर्वांत आधी पडतात ते म्हणजे ‘भाड्याने देणे आहे’. कधी ते पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहून खिडकीच्या गजाला टांगलेले असतात, कधी दैनिकातील छोट्या जाहिरातींच्या रकान्यात दाटीवाटीने बसलेले असतात, तर अलीकडे ते भ्रमणध्वनीच्या पडद्यावर छायाचित्रांसह अवतरतात. वाक्याला कर्ता नाही. कोण देणार आणि कोणाला देणार, हे त्या तीन शब्दांत कळत नाही. ते त्यापुढच्या चार-सहा शब्दांत दडलेले असते, आणि त्या चार-सहा शब्दांना स्वतःचा असा इतिहास आहे.

हा इतिहास सांगण्याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. नवापूर, तळोदा, शहादा, शिरपूर, चोपडा या भागांतून शिक्षणासाठी व नोकरीसाठी आपली अनेक कुटुंबे या दोन शहरांत येतात. ती पाटी जशी लिहिली आहे तशी वाचतात. ‘छोट्या कुटुंबास’ हे वाचून आईवडिलांना सोबत आणलेले दांपत्य दार न वाजविताच परत फिरते. ‘अकरा महिन्यांचा करार’ हे वाचून बाराव्या महिन्यात रस्त्यावर यावे लागेल, अशी धास्ती घेते. आणि ‘सुसंस्कृत कुटुंबास’ हे वाचून, आपण सुसंस्कृत आहोतच या निर्मळ विश्वासाने दार वाजवून नाव सांगते. मग उत्तर मिळते, “कालच दिली हो जागा.” पाटी मात्र पुढच्या रविवारीही तेथेच असते.

भाड्याच्या घराची जाहिरात ही काही वर्तमानपत्राने जन्मास घातलेली गोष्ट नव्हे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई नगरात भिंतीवर रंगवलेली अशी एक जाहिरात सापडली आहे. ग्नेयस अल्लेयस निगिडियस मायस हा मालक. त्याच्या मालकीच्या इमारतींच्या गटातील माळ्यासह दुकाने, वरच्या मजल्यावरील खोल्या व एक स्वतंत्र घर १ जुलैपासून भाड्याने मिळेल आणि घेणाऱ्याने प्रीमुस या त्याच्या गुलामाला भेटावे, असे तीत म्हटले होते. म्हणजे मध्यस्थ तेव्हाही होताच. गंमत अशी, की वरच्या खोल्यांना जे विशेषण लावले आहे त्याचा अर्थ ‘सरदारवर्गाला शोभतील अशा’ असा होतो. त्याच नगरात यूलिया फेलिक्स नावाच्या श्रीमंत बाईने आपल्या वास्तूतील स्नानगृह, दुकाने व माडीवरील खोल्या पाच वर्षांच्या बोलीने भाड्याने देऊ केल्या होत्या, आणि स्नानगृह प्रतिष्ठितांसाठी आहे हे सांगावयास ती विसरली नाही. मुदत, मध्यस्थ आणि ‘आमच्याकडे कोणी यावे’ याची सूचना, असा जाहिरातीचा सारा ऐवज तेव्हाच तयार झाला होता.

या जाहिरातींचे दोन धागे आपल्या श्रद्धेच्या इतिहासात येऊन मिळतात. वरच्या मजल्यावरील खोलीसाठी पॉम्पेईच्या भिंतीवर ‘सेनाकुलुम’ या लॅटिन शब्दाचे अनेकवचन आहे. व्हल्गेट या लॅटिन बायबलमध्ये प्रभूने शेवटचे भोजन ज्या माडीवर घेतले तिलाही हाच शब्द आहे. ती जागाही दुसऱ्याच्याच मालकीची होती, आणि शिष्यांना घरधन्याकडे जाऊन विचारावे लागले होते. दुसरा धागा संत पौलाचा. तो कैदी म्हणून इटलीत आला तेव्हा पॉम्पेईपासून फारशा दूर नसलेल्या पुत्युला बंदरात उतरला व तेथे सात दिवस राहिला. पुढे रोममध्ये तो दोन वर्षे राहिला ते घर भाड्याचे होते, असे प्रेषितांच्या कृत्यांच्या शेवटच्या अध्यायात लूक नोंदवितो. पहारेकरी सोबत असूनही येणाऱ्या सर्वांचे तो तेथे स्वागत करीत असे. ‘पाहुण्यांची वर्दळ नसावी’ अशी अट आजच्या जाहिरातीत वाचली की आम्हांला हा भाडेकरू आठवतो.

आता खानदेशाकडे वळू. इंग्रजी अंमल आल्यावर १८१९ मध्ये कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे जिल्ह्याचे ठाणे केले आणि नव्या वस्तीची आखणी केली. सरळ रस्ते, नवी पेठ व क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या ही या शहराची आजही खूण आहे. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पश्चिमेचे ठाणे धुळ्यालाच राहिले, तर पूर्वेचे जळगावला आले. जिल्ह्याचे ठाणे म्हणजे कचेरी, न्यायालय व शाळा. म्हणजेच बदली होऊन येणारा माणूस. कापसाच्या व्यापाराने व गिरणीने जळगावात आणखी माणसे आणली. भुसावळची गोष्ट थोडी निराळी. तेथे रेल्वेची वसाहत असल्याने गोव्याकडील व मुंबईकडील आपले जे ख्रिस्ती बांधव रेल्वेच्या नोकरीनिमित्त आले, त्यांना घरमालकाची पाटी वाचण्याची वेळ सहसा आली नाही.

जुन्या शहरात घर भाड्याने मिळे ते ओळखीने. वाड्यातील जागा खणांत मोजली जाई. ‘दोन खणांची जागा रिकामी आहे’ ही वार्ता गल्लीतल्या गल्लीत फिरे, आणि गल्ली बहुधा एका जातीची किंवा एका व्यवसायाची असे. ज्याला ओळख नाही त्याला जागा नाही, हे सांगण्यासाठी पाटीची गरज नव्हती. पाटी लावणे याचा अर्थ अनोळखी माणसाला हाक मारणे. हाक तर मारावयाची, पण सर्वांनी यावे असे वाटत नाही, या पेचातून जाहिरातीची सारी विशेषणे जन्मली, असे आमचे मत आहे.

तथापि सर्वच विशेषणे जातीधर्मातून आलेली नाहीत. पुष्कळशी कायद्याच्या भीतीतून आली आहेत, आणि हा भाग आपल्या लोकांनी नीट समजून घ्यावा. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, मुंबई इलाख्यात भाड्यावर प्रथम नियंत्रण आले. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर १९३९ मध्ये ते पुन्हा आले. स्वातंत्र्याच्या वर्षी मुंबई भाडे नियंत्रण कायदा संमत झाला व १९४८ च्या फेब्रुवारीत अमलात आला. खानदेशातील शहरांनाही तो लागू होता. त्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच प्रमाण मानले आणि भाडेकरूला घराबाहेर काढणे अवघड करून ठेवले. युद्धोत्तर टंचाईत गरिबाच्या डोक्यावरचे छप्पर टिकावे, हा हेतू स्तुत्यच होता. पण काळ पुढे गेला, किमती शतपट झाल्या, आणि भाडे मात्र जागच्या जागी राहिले. अनेक वाड्यांच्या भिंती दुरुस्तीवाचून ढासळल्या त्याचे एक कारण हे होते. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भाडे असे गोठवून ठेवणाऱ्या तरतुदी कालौघात अवाजवी ठरल्या आहेत, असा निर्णय दिला.

भाडे वाढविता येत नाही म्हटल्यावर मालकाने आपला लाभ दुसऱ्या वाटेने वसूल केला. ती वाट म्हणजे पागडी. १९४७ च्या कायद्याने ती घेणे गुन्हा ठरविले होते. म्हणून जाहिरातीत तो शब्द कधीच छापला गेला नाही. त्याऐवजी ‘अटींसाठी समक्ष भेटावे’ असे लिहिले जाई. समक्ष भेटल्यावर काय बोलणे होई हे सर्वांना ठाऊक होते. ज्या शब्दाचा मूळ अर्थ मानाचे शिरोवस्त्र, त्याने भाडेकरूची मान वाकवावी, हा भाषेचा विपर्यास म्हणावा लागेल.

भाडेकरू एकदा आत आला की निघत नाही, म्हणून मालकांनी दुसरी युक्ती काढली. भाडेपट्टा न करता केवळ वापराची परवानगी द्यावयाची. यालाच आपण ‘लीव्ह अँड लायसन्स’ म्हणतो. भाडेपट्ट्याने जागेत हक्क निर्माण होतो. परवान्याने केवळ राहण्याची मुभा मिळते, हक्क नव्हे. परंतु १९७३ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती करून त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला जे परवानाधारक म्हणून जागेत राहत होते त्यांना भाडेकरूचा दर्जा दिला. भाडेकरूंना तो दिवस सणासारखा वाटला असेल. घरमालकांच्या मनात मात्र जी धडकी भरली ती पुढे पंचवीस-तीस वर्षे गेली नाही. ‘बदलीच्या नोकरदारास प्राधान्य’, ‘बँक कर्मचाऱ्यास’, ‘सरकारी अधिकाऱ्यास’ ही जाहिरातीतील भाषा या धडकीची अपत्ये आहेत. भोळा वाचक समजतो की मालकाला प्रतिष्ठित माणूस हवा आहे. मालकाला हवा असतो तो जाणारा माणूस. बदलीचा हुकूम हाच त्याचा खरा जामीन. स्थायिक होण्याच्या आशेने गावाकडून आलेले कुटुंब या कारणाने नाकारले गेले, तर तो त्याच्या धर्माचा अवमान आहे असे लगेच मानू नये.

‘अकरा महिने’ या शब्दांची कथा तर जीवाश्माची आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागे. नोंदणीचा खर्च व खटाटोप टळावा म्हणून मुदत वर्षाच्या आत, म्हणजे अकरा महिने, ठेवण्याची चाल पडली. पुढे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याच्या कलम ५५ ने भाड्याचा किंवा परवान्याचा करार, मुदत कितीही असो, लेखी करणे व नोंदविणे बंधनकारक केले. म्हणजे अकरा महिन्यांमागचे मूळ कारणच या राज्यात उरले नाही. तरीही जळगावात काय किंवा धुळ्यात काय, अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, असे शिकलेसवरलेले लोकही सांगतात. नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय करार नोंदलेला नसेल, तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. याच अधिनियमाने मुदत संपताच परवानाधारकाकडून जागा परत मिळविण्याची वाटही मालकाला दिली. मुदतीनंतर जो जागा अडवून धरील त्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. तेव्हा १९७३ ची भीती आज मालकाने बाळगण्याचे कारण नाही, आणि आपल्या कुटुंबांनी कोऱ्या मुद्रांकावर सही करून देण्याचेही कारण नाही. ज्याला नोंदणी नको, तो मालक काय लपवीत आहे, हे विचारण्याचा अधिकार भाडेकरूला आहे.

जागेचे वर्णन करणाऱ्या शब्दांवर फार वेळ घालवीत नाही. त्यांचा अर्थ ऋतूच शिकवतो. ‘हवेशीर, वरचा मजला’ हे श्रावणात खरे असते. जुन्या धाब्याच्या घराला मातीचे जाड छत होते; आजच्या सिमेंटच्या छताखाली खानदेशचा मे महिना काढणे म्हणजे काय, ते ज्याने काढला त्यालाच ठाऊक. ‘पाण्याची सोय’ हे शब्द त्याहून जपून वाचावेत. जळगावला वाघूर धरणाचे व धुळ्याला तापीचे आणि नकाणे, डेडरगाव तलावांचे पाणी मिळते. पण दोन्ही शहरांतील गृहिणींना नळाला पाणी येण्याचा दिवस लक्षात ठेवण्याची सवय जडली आहे. चोवीस तास पाणी असे लिहिले असेल, तर ते बहुधा कूपनलिकेचे असते व पिण्याचे पाणी वेगळे भरावे लागते. नळ स्वतंत्र की सामायिक, विजेचे मीटर स्वतंत्र की मालकाच्या मीटरला जोडलेले, हे दोन प्रश्न भाड्याच्या आकड्याआधी विचारावेत.

राहता राहिले ते दोन शब्द, ‘शाकाहारी’ आणि ‘सुसंस्कृत’. पहिल्याविषयी आम्ही न्यायाने बोलू इच्छितो. खाली मालक, वर भाडेकरू, मधे एकच जिना, अशा घरात ज्याच्या कुळात पिढ्यानपिढ्या मांस शिजले नाही त्याने अशी अट घालावी, यात आम्हांला द्वेष दिसत नाही. (शुक्रवारी व उपवासकाळात आम्हीही मांस वर्ज्य करतो, पण जाहिरातीला तेवढे पुरत नाही.) मात्र मालक दुसऱ्या शहरात राहतो, इमारतीत निम्मी बिऱ्हाडे मासे आणतात, आणि तरीही अट तीच, तेव्हा तो शब्द जेवणाविषयी राहत नाही. तो आडनाव विचारण्याचा सभ्य प्रकार होतो. ‘सुसंस्कृत’ हा तर निव्वळ चाळणीचा शब्द आहे. त्याचा अर्थ मालकाच्या मनात असतो आणि नाव ऐकल्यावर तो त्याला सापडतो. डॉ. सुखदेव थोरात व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसराविषयी २०१५ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही भाड्याच्या घरासाठी विचारणा करणाऱ्या दलित व मुस्लिम व्यक्तींना सवर्ण हिंदूंपेक्षा अधिक वेळा नकार मिळाल्याचे दिसून आले.

नकाराच्या सभ्य भाषेचा सर्वांत बोलका दाखला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत नोंदविला आहे, आणि तो आपल्याला फार जवळून लागतो. १९१७ मध्ये ते बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू व्हावयास गेले तेव्हा त्यांना राहावयास जागा मिळेना. एका पारशी उतारशाळेत नाव बदलून राहिले; अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून निघून जाण्यास सांगितले. मग ते दोन मित्रांकडे गेले. एक हिंदू होता. त्याने आपले नोकर निघून जातील अशी अडचण सांगितली. दुसरा ख्रिस्ती होता. त्याने सांगितले की पत्नी उद्या येणार आहे, तिला विचारावे लागेल. हे उत्तर म्हणजे मुत्सद्देगिरीचा नकार होता, हे बाबासाहेबांना मागाहून कळले. पतिपत्नी मूळ ब्राह्मण घराण्यातील. धर्मांतराने पतीचे विचार उदार झाले होते, पत्नीचे सोवळे मात्र सुटले नव्हते. त्या दिवशी गाडीच्या वेळेपर्यंतचे तास त्या विद्वानाने एका सार्वजनिक बागेत बसून काढले आणि बडोदे सोडले.

याच आठवणींत खानदेशाचेही एक पान आहे. १९२९ मध्ये सरकारी समितीचे सभासद म्हणून ते धुळे मार्गावरील एका गावातील बहिष्काराच्या प्रकरणाची चौकशी करून चाळीसगावला परतले, तेव्हा त्यांना घेऊन जाण्यास एकही टांगेवाला तयार झाला नाही. टांगा मिळाला, पण हाकणारा मिळाला नाही. ज्याला सवय नव्हती अशा माणसाने तो हाकला, नदीवरील फरशीवर चाक अडकून बाबासाहेब दगडांवर फेकले गेले व त्यांचा पाय मोडला. पुढे १९३७ च्या जुलैअखेर न्यायालयीन कामासाठी ते धुळ्याला आले असता त्यांचा मुक्काम शहराबाहेर लळिंग येथील बंगल्यात होता. तो लांडोर बंगला आज श्रद्धेचे स्थान आहे, आणि ३१ जुलैला तेथे हजारोंची गर्दी होते.

कायदा याबाबत कोठवर पोहोचतो? संविधानाच्या अनुच्छेद १५ ने दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांची दारे धर्म वा जात न पाहता सर्वांना खुली केली. अस्पृश्यतेच्या कारणावरून एखाद्याला कोठल्याही वस्तीत घर घेण्यास किंवा त्यात राहण्यास मज्जाव करणे १९५५ च्या कायद्याने गुन्हा आहे. १९७६ पासून तो नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणून ओळखला जातो. परंतु खासगी घराच्या जाहिरातीत कोणते शब्द असू नयेत, असे सर्वसाधारण बंधन आपल्याकडे नाही. अमेरिकेने ते १९६८ मध्ये घातले. त्याच वर्षी ब्रिटनने घरे भाड्याने देताना वर्णभेद करण्यास कायद्याने मनाई केली. तोवर लंडनच्या खिडक्यांत ‘काळ्यांना जागा नाही’ अशा पाट्या उघड लागत. उलट आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवण्याचा संस्थेचा अधिकार मान्य केला.

येथे आपणही हात झटकून मोकळे होऊ शकत नाही. सारस्वतांनी १९१५ मध्ये गावदेवीला आपल्या समाजापुरती गृहनिर्माण संस्था काढली, आणि त्याच दशकात वांद्र्याला साल्सेट कॅथलिक सोसायटी उभी राहिली. परक्या शहरात आपल्या माणसांना आधार मिळावा, मंदिर वा चर्च जवळ असावे, ही त्यामागची भावना समजण्यासारखी आहे. पण खानदेशातही आता आपली कित्येक कुटुंबे घरमालक झाली आहेत. ‘फक्त ख्रिस्ती कुटुंबास’ ही पाटी आम्ही वाचली आहे. त्याहून क्लेशकारक म्हणजे, पाटीवर ख्रिस्ती असा शब्द असूनही सातपुड्याकडून आलेल्या किंवा पूर्वाश्रमीच्या दलित कुटुंबाला मालकिणीला विचारून सांगतो असे उत्तर मिळाल्याचे आमच्या कानी आले आहे. बडोद्याच्या त्या उत्तराला शंभरांहून अधिक वर्षे लोटली.

घरमालकाला दाखविण्यासाठी धर्मग्रामाचे पत्र हवे, असे म्हणून अनेक जण आमच्याकडे येतात. कुटुंब सुसंस्कृत आहे असे लिहा, अशी त्यांची विनंती असते. आम्ही तो शब्द लिहीत नाही. कुटुंबप्रमुखाचे नाव, व्यवसाय, घरातील माणसांची संख्या आणि आम्ही त्यांना किती वर्षे ओळखतो, एवढे लिहून खाली सही करतो. आणि पत्र देताना करार नोंदवून घ्या असे सांगतो.